दोन करारांमधले महिने : नागपूरच्या एका फिरत्या पॉइंट गार्डचं प्रकरण

हे प्रकरण तीस वर्षांच्या एका बास्केटबॉलपटूचं आहे. उंची पाच फूट अकरा इंच, जागा पॉइंट गार्डची, म्हणजे चेंडू पुढे आणून डाव रचणाऱ्याची. बारा वर्षांचा असताना तो शिवाजीनगरच्या कोर्टावर आला आणि तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्याला विचारूनच हे लिहितो आहे. त्याचं नाव, तसंच तो ज्या संघांकडून खेळला त्यांची नावं मुद्दाम घातलेली नाहीत. मी स्वतः खेळाडूंच्या कोट्यातून बँकेत लागलो, निवृत्तीपर्यंत तिथेच राहिलो आणि संध्याकाळी मुलांना खेळवत आलो. त्यामुळे या प्रकरणाकडे मी प्रशिक्षक म्हणून जितकं पाहिलं, तितकंच हिशेब पाहणारा माणूस म्हणूनही पाहिलं.

२०२५ च्या मे महिन्यात, नवतपा लागायच्या आदल्या आठवड्यात तो माझ्याकडे आला. संध्याकाळचे साडेसात वाजले होते, तरी सिमेंटचं कोर्ट बुटाच्या तळव्यातून पोळत होतं. हातात दोन गोष्टी होत्या. एक, एका लीगमधल्या संघाचा करार : १८ जुलै ते २१ ऑगस्ट, पाच आठवडे, दीड लाख रुपये. दुसरी, बी.पी.एड.च्या, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या, प्रवेशपरीक्षेचा (सीईटी) निकाल. ही परीक्षा त्यानं बहिणीच्या हट्टापायी दिली होती आणि गुण चांगले पडले होते. प्रवेशफेरी नेमकी लीगच्या मधोमध येणार होती. संघाचा मॅनेजर दोन दिवसांत सही मागत होता.

"सर, आणखी एक वर्ष खेळू का?" एवढाच त्याचा प्रश्न.

मी लगेच उत्तर दिलं नाही. त्याला म्हटलं, उद्या सकाळी फाईल घेऊन घरी ये, पूर्ण घेऊन ये.

निळी फाईल

फाईल प्लास्टिकची, निळी. टिचबटण तुटलेलं, म्हणून दुधाच्या पिशवीला लावतात तसला रबर दोन वेढे घालून लावलेला. वरच्या थरात गळ्यातली ओळखपत्रं, नाड्यांसकट गुंडाळलेली. मी मोजली, अकरा निघाली. अकरांपैकी सहांवर 'गेस्ट प्लेअर' असं छापलेलं. त्याखाली रेल्वेच्या तिकिटांच्या प्रती, एका संघानं प्रवासखर्च देतो म्हणून मागितलेल्या आणि मग कधीच न घेतलेल्या. सगळ्यात तळाशी प्रमाणपत्रं : जिल्हा, राज्य शालेय, ज्युनियर राज्य, आंतरविद्यापीठ.

फाईल तळापासून वर वाचत गेलो तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. २०१८ पर्यंत प्रमाणपत्रं आहेत, नंतर नुसती ओळखपत्रं. म्हणजे खेळ थांबला नव्हता, उलट त्यानंतरच तो जास्त खेळला. पण त्या खेळाचा कुठेही दाखवता येईल असा कागद मागे राहिला नाही.

कोर्टावर अशा खेळाडूला आपण 'गेस्ट' म्हणतो. तमिळनाडूत उन्हाळ्यात निमंत्रित स्पर्धांचा हंगाम असतो. कोइम्बतूरला, पेरियाकुलमला प्रकाशझोतात सामने होतात आणि गाव लोटतं. एखाद्या संघाचा गार्ड जायबंदी झाला की फोन येतो. नागपूरच्या खेळाडूला एक सोय आहे : दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही मार्ग इथेच एकमेकांना छेदतात, त्यामुळे तमिळनाडू एक्सप्रेस असो, जीटी (ग्रँड ट्रंक) असो की केरळ एक्सप्रेस, रात्री फोन आला तर सकाळी गाडीत बसता येतं. हा पोरगा असा बसत राहिला. पोचला की त्याच संध्याकाळी अनोळखी चार जणांबरोबर खेळायचं, त्यांच्या खुणा अर्ध्या तासात शिकायच्या, कोणाला चेंडू डाव्या हाताला लागतो हे ओळखायचं. पॉइंट गार्डला हे सगळ्यात अवघड, कारण संघ त्याच्या तोंडानं बोलतो. तमिळमध्ये 'पडदा लाव', 'मागे फिर', 'वेळ काढ' एवढं त्याला बोलता येतं. हे कसब मी कोणाला शिकवू शकलो नसतो. ते त्यानं स्वतः कमावलं.

२०१९ चा डिसेंबर

नोकरीचं काय झालं, हा प्रश्न कोणीही विचारेल. आपल्याकडे बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलाच्या घरच्यांना रेल्वे, पोलीस, सैन्यदलं, ओएनजीसी, बँका एवढीच नावं ठाऊक असतात आणि ते योग्यच आहे. पूर्णवेळ पगाराचा बास्केटबॉल भारतात याच दारांतून चालत आला आहे.

रेल्वेच्या खुल्या क्रीडा भरतीत वय १८ ते २५. जाहिरातीत खेळच नव्हे, जागासुद्धा लिहिलेली असते : पॉइंट गार्ड एक, सेंटर एक, अशी. चाचणी आणि शिक्षण यांचे गुण असतात, पण सगळ्यात मोठा वाटा खेळातल्या कामगिरीचा. इथे एक अट अशी आहे की ती आमच्या मुलांना वेळेत कोणी समजावून सांगत नाही. कामगिरी चालू आर्थिक वर्षातली आणि मागच्या दोन आर्थिक वर्षांतलीच धरतात. पदक शिळं होतं. चार वर्षांपूर्वीचं आंतरविद्यापीठ भिंतीवर शोभतं, अर्जात चालत नाही. आणि कामगिरी म्हणजे वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा, फेडरेशन कप, आंतरविद्यापीठ अशा मान्य स्पर्धांतली. पेरियाकुलमला तुम्ही तीस गुण ठोकले तरी त्याला तिथे किंमत नाही.

त्यानं २०१८ मध्ये एकदा रेल्वेची चाचणी दिली. गार्डची एकच जागा होती, ती दुसऱ्याला मिळाली. वयाची तीन वर्षं हातात होती, काळजी नव्हती.

मग २०१९ चा डिसेंबर आला. सत्तरावी वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा लुधियानाला होती. राज्य निवडचाचणीला बोलावलेल्यांत त्याचं नाव होतं. नेमक्या त्याच आठवड्यात दक्षिणेतल्या एका कंपनीच्या संघाचा फोन आला : सहा दिवस, पंधरा हजार, जाण्यायेण्याचं भाडं वेगळं. तो मला विचारायला आला होता. घरी वडिलांची बुटीबोरीची नोकरी सुटून दोन महिने झाले होते. मी म्हणालो, "जा. राष्ट्रीय स्पर्धा दरवर्षी असते."

दरवर्षी असते, हे माझं वाक्य मी अजून विसरलेलो नाही. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. एकाहत्तरावी वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा थेट २०२२ च्या एप्रिलमध्ये चेन्नईला झाली. मधली सव्वादोन वर्षं कोरी गेली आणि त्या कोऱ्या काळातच त्याचं पंचविसावं वर्ष सरलं. लुधियानाला गेला असता तर नोकरी लागलीच असती, असं मी म्हणणार नाही. निवड व्हायची होती, संघ पहिल्या आठांत यायचा होता. पण अर्ज भरायला लागणारा कागद मिळायची एक संधी होती, ती माझ्या सल्ल्यानं गेली. आज माझ्याकडे अठरा-वीस वर्षांचं कोणी असा प्रश्न घेऊन आलं तर मी आधी कॅलेंडर काढतो आणि त्याच्या वयाच्या उरलेल्या मोसमांवर खुणा करतो. पैशाचं बोलणं त्यानंतर.

राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण तिथे पदक लागतं आणि प्रमाणपत्राची विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळणी लागते. त्याच्या फाईलमध्ये आंतरविद्यापीठचा सहभाग होता, पदक नव्हतं. तो रस्ता तिथेच संपत होता.

तेरा संघांचा माणूस

"सर, इश स्मिथ पण असाच फिरला ना," तो म्हणाला. त्याच्या मोबाईलच्या पडद्यावर कित्येक वर्षं इश स्मिथचाच फोटो आहे. मला या उदाहरणाचा आदर आहे, म्हणून त्या रात्री मी ती कारकीर्द पहिल्या वर्षापासून लिहून काढली.

इश स्मिथ, अमेरिकन बास्केटबॉलपटू, जन्म १९८८, उंची सहा फूट, तोही पॉइंट गार्ड. एनबीए या अमेरिकेतल्या लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, म्हणजे २०१० च्या ड्राफ्टमध्ये, ६० निवडी झाल्या, त्यांत त्याचं नाव नव्हतं. ह्यूस्टननं घेतलं, पहिल्याच मोसमात मेम्फिसला पाठवलं. मग गोल्डन स्टेट, ऑर्लँडो, मिलवॉकी, फीनिक्स, ओक्लाहोमा सिटी, फिलाडेल्फिया, न्यू ऑर्लिन्स, पुन्हा फिलाडेल्फिया. पहिल्या सहा मोसमांत नऊ संघ. कित्येकदा तो दुसऱ्या मोठ्या खेळाडूच्या अदलाबदलीत वजन जुळवायला घातलेलं नाव असायचा. २०१६ मध्ये, अठ्ठावीस वर्षांचा असताना, डेट्रॉइटनं त्याच्याशी तीन वर्षांचा १ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. त्यानंतर वॉशिंग्टन, त्याच्या जन्मगावचा शार्लट संघ, परत वॉशिंग्टन आणि २०२२ मध्ये डेन्व्हर. डेन्व्हर हा त्याचा तेरावा संघ. एवढ्या संघांकडून एनबीएमध्ये तोवर कोणीच खेळलं नव्हतं. त्याआधीचा बारा संघांचा विक्रम चकी ब्राउन, जिम जॅक्सन, टोनी मॅसनबर्ग आणि जो स्मिथ यांच्या नावावर होता. २०२३ च्या जूनमध्ये डेन्व्हरनं मायामीला ४-१ नं हरवलं आणि इश स्मिथच्या बोटात विजेत्याची अंगठी आली.

हे सगळं मी त्याच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, "आता संघ मोजू नको. दोन संघांच्या मधे काय होतं ते बघ."

तिथे खेळाडूला दुसऱ्या संघाकडे पाठवलं तर करार त्याच्याबरोबर जातो, पगार थांबत नाही. सगळ्यात लहान, दहा दिवसांच्या करारालाही नियम आहेत : एकाच संघाला एका मोसमात असे दोनच करार करता येतात, त्यानंतर ठेवायचं तर उरलेल्या मोसमासाठी ठेवावं लागतं. तीन मोसम भरले की निवृत्तिवेतनाचा हक्क लागतो. १९५४ पासून खेळाडूंची संघटना आहे आणि या प्रत्येक गोष्टीसाठी ती मालकांशी भांडलेली आहे. स्मिथ तेरा गावं फिरला, पण त्याच्या पायाखाली एकच फळी होती, ती हलली नाही.

आमच्या मुलाच्या पायाखाली काय होतं? २०१५ ला यूबीए ही व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हा नागपूरच्या कोर्टांवर किती आनंद झाला होता. शहरांच्या नावाचे संघ, दूरचित्रवाणीवर सामने. २०१७ नंतर ती थांबली. २०२२ च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय फेडरेशनची आयएनबीएल (इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग) सहा संघांनिशी उभी राहिली, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. मधली पाच वर्षं, म्हणजे गार्डच्या पायात सगळ्यात जास्त वेग असतो ती वर्षं, तो कशावर उभा राहणार होता?

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर मी विशेष भृगुवंशीचं घेईन. वाराणसीचा हा खेळाडू भारताचा कर्णधार झाला आणि २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ॲडलेड संघानं त्याच्याशी करार केला. पण त्याच्या मागे ओएनजीसीची नोकरी होती. बाहेर जाऊन बघायची मुभा त्या नोकरीनं दिली. परतायला जागा असली की माणूस निर्धास्त फिरतो.

त्र्याहत्तर दिवस

मग आम्ही त्याच्या मागच्या वर्षाचा हिशेब मांडला. त्याच्या आईनं चहा ठेवला आणि शेवटपर्यंत तीही बसून राहिली.

लीग ३५ दिवस, चार निमंत्रित स्पर्धा मिळून २८ दिवस, एक कंपन्यांची स्पर्धा १० दिवस. एकूण ७३. वर्षाचा बरोबर पाचवा हिस्सा. लीगचे १ लाख ३० हजार, निमंत्रित स्पर्धांचे ४८ हजार, कंपनीचे १५ हजार. उरलेल्या दिवसांत प्रतापनगरच्या एका जिममध्ये पाच महिने सकाळची पाळी, महिना बारा हजार. सगळं मिळून २ लाख ५३ हजार.

या आकड्यानं मला धक्का बसला नाही. धक्का बसला तो आयकर खात्याच्या २६एएस या, कापलेला कर दाखवणाऱ्या उताऱ्यानं. लीगच्या मानधनातून दहा टक्के कर कापून संघ भरत होता, ते नियमाप्रमाणेच होतं. पण याचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आतलं. विवरणपत्र भरलं असतं तर कापलेला सगळा कर परत आला असता. तीन वर्षांत ३३ हजार रुपये त्याच्या नावावर जमा दिसत होते आणि त्यानं एकदाही विवरणपत्र भरलं नव्हतं. "मला वाटलं ते कापले म्हणजे गेले," तो म्हणाला. त्याच पैशांच्या अभावी मागच्या ऑक्टोबरात त्यानं गुडघ्याचे व्यायामोपचार तिसऱ्या आठवड्यात सोडले होते.

त्या गुडघ्याबद्दल थोडं लिहायलाच हवं. वाटीच्या खालचा कंडरा दुखतो, उडी मारताना आणि उतरताना. बास्केटबॉलमध्ये हे दुखणं इतकं नेहमीचं की त्याला जम्पर्स नी असंच नाव आहे. धंतोलीतल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी आम्हाला जे समजावलं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं : कंडऱ्याला काम चालतं, अचानक बदललेलं काम चालत नाही. जून ते सप्टेंबर उघडी कोर्टं ओली, त्या काळात हा घरी. मग एक फोन, आणि चौथ्या दिवसापासून सहा दिवसांत सहा सामने. म्हणजे गुडघा खेळानं बिघडत नव्हता, दोन करारांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांनी बिघडत होता. उपाय म्हणजे वजन घेऊन सावकाश बैठका, आठवड्यातून तीनदा, निदान बारा आठवडे, खंड न पाडता. खंड न पाडता, हेच त्याच्या आयुष्यात नव्हतं.

वडील दारात उभे राहून ऐकत होते. ते कमी बोलतात. म्हणाले, "पोट्टा खेळते हे मले बरं वाटते, सर. पन पावसाळ्यात घरी बसून राह्यते ना, तवा त्याच्याकडं पाहवत नाही."

करारातला एक शब्द

करार अडीच पानांचा. मी पेन्सिल घेऊन बसलो. दुखापतीचं कलम असं होतं की सरावात किंवा सामन्यात इजा झाल्यास 'प्राथमिक उपचारांचा' खर्च संघ करेल. प्राथमिक म्हणजे बर्फ आणि पट्टी. एमआरआय काढायची वेळ आली की तो शब्द आडवा येणार. स्वतःची अपघात पॉलिसी आहे, असं तो म्हणाला. ती वाचली, तर व्यावसायिक खेळात झालेली इजा तिच्यात वगळलेली. नेहमीच्या पॉलिसींत हे वगळलेलंच असतं आणि खेळणाऱ्या पोरांना ते कोणी दाखवत नाही. मानधनाचं कलम : सगळी रक्कम लीग संपल्यापासून नव्वद दिवसांत.

माझं मत तोवर झालं होतं. बी.पी.एड. हे खेळ सोडण्याचं लक्षण नव्हे, उरलेल्या २९२ दिवसांना नाव देणं आहे. दोन वर्षं अमरावतीसारख्या ठिकाणी, जिथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या रूपानं १९१४ पासून व्यायामाची परंपरा आहे, रोज मैदान मिळेल, गुडघ्याला रोजचं काम मिळेल, आणि शेवटी शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून उभं राहता येईल असा कागद मिळेल. पण लीग सोड, असंही मी म्हणालो नाही. दीड लाख हे त्याच्या वर्षभराच्या कमाईच्या निम्म्याहून जास्त होते. शिवाय त्याला खेळायचं होतं. तिसाव्या वर्षी गार्डला खेळायची इच्छा असणं ही लहान गोष्ट नाही.

म्हणून त्यानं मॅनेजरला तीन गोष्टी मागितल्या. 'प्राथमिक' शब्द काढा आणि लीग संपल्यावर बारा आठवड्यांपर्यंतचा उपचार धरा. निम्मं मानधन पहिल्या सामन्याआधी द्या. प्रवेशासाठी एक दिवसाची सुट्टी लेखी द्या. फोन करताना त्याचा आवाज कापत होता. आठ वर्षांत त्यानं कोणत्याही संघाकडे काही मागितलं नव्हतं. गेस्टनं मागायचं नसतं, पुढच्या वेळी बोलावणार नाहीत, हीच भीती.

मॅनेजरनं दोन दिवस घेतले. बारा आठवडे नाकारले. 'प्राथमिक' शब्द काढला. निम्मं मानधन आगाऊ देतो म्हणाला, सुट्टीही लिहून दिली. पोरानं सही केली.

पुढे काय झालं

लीगमध्ये तो बहुतेक सामने राखीव म्हणून उतरला, सामन्याला दहा-बारा मिनिटं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रात्रीच्या गाडीनं आला, अमरावतीला कागदपत्रं दाखवून प्रवेश पक्का केला आणि दुसऱ्या रात्री परत संघात. चौथ्या आठवड्यात गुडघा सुजला. एमआरआय संघाच्या खर्चानं झाला. कंडरा फाटलेला नव्हता.

मागच्या वर्षाचं विवरणपत्र भरलं आणि १३ हजार रुपये खात्यात आले. आधीच्या दोन वर्षांसाठी विलंब माफीचा अर्ज केला आहे, त्याचं उत्तर यायचं आहे. बैठका तो आठवड्यातून तीनदा करतो आणि दर रविवारी मला वहीचा फोटो पाठवतो : तारीख, वजन, दुखणं दहापैकी किती. पहिल्या रविवारी सहा होतं, परवा तीन.

शनिवारी अमरावतीहून गाडीनं तो नागपूरला येतो आणि संध्याकाळी माझ्या लहान मुलांना खेळवतो. मागच्या शनिवारी चौदा वर्षांच्या एका मुलीनं त्याला विचारलं की राज्य निवडचाचणी आणि एक बक्षिसाची स्पर्धा एकाच तारखेला आली तर कुठे जायचं. त्यानं तिला कोर्टाच्या कडेला बसवलं, माझ्या पिशवीतून कॅलेंडर काढलं आणि तिची जन्मतारीख विचारली.

लीगचं उरलेलं निम्मं मानधन अजून आलेलं नाही. नव्वद दिवस १९ नोव्हेंबरला भरतात.